आबांचं तळघर आणि तेरा अंश

२०१९ चा मे महिना. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमची शेती आहे आणि शेतातच आठ खोल्यांचं रिसॉर्ट. दोन घोडे, सहा म्हशी, हंगामात चालणारं गुऱ्हाळ, रात्री चुलीवरचा तांबडा-पांढरा. पुण्याहून आलेल्या एका काका-काकूंच्या लग्नाचा चाळिसावा वाढदिवस होता. काकांनी नाशिककडची एक शिराझ, म्हणजे रेड वाइन, मागवली. बाटली उघडायला मी स्वतः गेले. वरचं आवरण काढलं तर बूच तोंडातून चांगलं दोन सूत वर आलेलं, आणि त्याच्या कडेनं लाल, चिकट ओघळ सुकलेला. काकांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "बाळ, ही शिजलीय."

मी चव घेतली. मुरंबा बुडाला लागल्यावर जसा लागतो, तशी. फळ कुठेच नव्हतं. काकांनी बिलातून ती बाटली कमी करू दिली नाही, आणि तेच जास्त लागलं. पाहुणे झोपल्यावर मी स्टोअरची खोली उघडली. वर पत्रा, पश्चिमेला खिडकी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथं थर्मामीटर ठेवला तर ४१ दाखवत होता. साठ बाटल्यांपैकी अकरांची बुचं वर आली होती. बाकीच्यांपैकी काही उघडून बघितल्या, त्याही गेल्याच होत्या.

चूक आमची होती. रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवायची नाही, ती खोलीच्या तापमानाला प्यायची, एवढं ऐकलेलं होतं. पण ती खोली कुठली, हे कुणी सांगितलं नव्हतं. हा नियम युरोपातल्या जुन्या दगडी घरांमधला, जिथं खोलीत सोळा ते अठरा अंश असायचे. मे महिन्यातल्या कोल्हापूरला तो लावला की शेतकऱ्यानं वर्षभर जपलेलं द्राक्ष आपण पत्र्याखाली शिजवतो. तासगाव-पलूसकडं आमच्या आत्याच्या घरी द्राक्षबाग आहे. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मग ढगाळ हवा आली की फवारणीसाठी रात्री-अपरात्री उठणं, हे मी लहानपणापासून बघितलंय. त्यामुळं त्या अकरा बाटल्यांचं वाईट वाटलं ते पैशांपुरतं नव्हतं.

तळघर मला त्याच रात्री आठवलं.

आमच्या जुन्या वाड्याचा मागचा सोपा पडला, पण त्याच्या खालचं तळघर शाबूत होतं. पणजोबांनी धान्यासाठी बांधलेलं. चौदा फूट लांब, दहा फूट रुंद, उंची सात फूट. अडीच फुटी काळ्या दगडाच्या भिंती, चुन्यात बांधलेल्या. नऊ पायऱ्या उतरून जायचं. आत जुने रांजण, एक मोडका पाळणा आणि आईच्या कांदा-लसूण चटणीच्या बरण्या.

अडचण आबांची होती. आबा माझे आजोबा, माळकरी. रिसॉर्टला बारचा परवाना घेतला तेव्हा ते महिनाभर आमच्या ऑफिसकडं फिरकले नव्हते. मी विचारलं तेव्हा ते गोठ्यात बसले होते.

"धान्याच्या जागी दारू ठेवणार?"

मी गप्प राहिले. खोटं काहीतरी गोड बोलून परवानगी काढायची नव्हती.

थोड्या वेळानं म्हणाले, "देवघराच्या खाली यायला नको एवढं बघ. आणि आत जायच्या आधी दिवा सोड."

त्यांचा होकार असा आला. दिव्याचं मला कळलं नाही, तेव्हा त्यांनी हरिपूरच्या पेवांचं सांगितलं. सांगलीजवळच्या हरिपुरात जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवत. तोंड बंद केलं की आत कीड जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. आबांनी तरुणपणी तिथं बैलगाडीनं हळद नेली होती. पेव उघडलं की लगेच कुणी उतरत नसे. हवा खेळू द्यायची, मग दोरीला दिवा बांधून खाली सोडायचा. दिवा विझला तर माणसानं उतरायचं नाही. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवं गेली, हे सांगताना आबांचा आवाज घरातलं माणूस गेल्यासारखा झाला. आमच्या तळघरात दिवा विझला नाही. पण तो सोडला, आणि त्या दिवसापासून आबा या कामात आले.

मला वाटलं होतं, आत गार लागतंय म्हणजे काम झालं. रंग मारायचा, मांडण्या लावायच्या. तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर काम करणारे एक मेकॅनिक दादा आत्याच्या ओळखीचे होते. त्यांनी फोनवरच थांबवलं. "ताई, अंगाला गार लागतंय ह्याच्यावर जाऊ नका. वर्षभर मोजा, मग मला बोलवा."

म्हणून मोजलं. एक तापमापक, एक आर्द्रतामापक आणि आबांची लांब वही, ज्यात पूर्वी दूध डेअरीचा हिशेब असायचा. सकाळ-संध्याकाळ आबा उतरायचे आणि लिहायचे. मे महिन्यात बाहेर ३८ असताना आत २६. जुलैत बाहेर २३, आत २४. डिसेंबरच्या पहाटे बाहेर १३, आत २३. वर्षभराचा फरक जेमतेम तीन अंश. ही त्या भिंतींची करामत. पण वाइन साठवायला हवेत ते तेरा अंश कुठंच नव्हते.

कारण नंतर कळलं, आणि कळल्यावर साधं वाटलं. जमिनीत काही मीटर खाली गेलं की तिथलं तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीएवढं राहतं. फ्रान्समध्ये ज्या भागांत ती सरासरी अकरा-बारा अंश असते, तिथं नुसतं खणलं तरी वाइनला हवी तशी खोली तयार होते. आपल्याकडं सरासरीच चोवीस-पंचवीस. म्हणजे आपलं तळघर स्थिरता देणार, थंडावा आपल्याला आणावा लागणार. परदेशातल्या रँचवरच्या तळघरांचे फोटो बघून मी जे मनात धरलं होतं, ते इथं तसंच्या तसं होणार नव्हतं.

दुसरी गोष्ट पावसानं शिकवली. २०१९ चा ऑगस्ट कोल्हापूर विसरणार नाही. पंचगंगा शहरात शिरली होती. आम्ही उंचावर असल्यानं पुराचं पाणी आमच्याकडं आलं नाही, पण डोंगराचं आलं. तळघराच्या उत्तरेकडच्या भिंतीतून पाझर सुटला. आबांच्या वहीत त्या आठवड्यात रोज ९५ आणि ९८ टक्के आर्द्रता आहे. मी प्रयोग म्हणून चार रिकाम्या बाटल्या लेबलांसकट ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांत लेबलांवर काळी बुरशी. उलट मार्च-एप्रिलच्या कोरड्या दिवसांत आकडा पन्नासच्या खाली गेला. वाइनला साठ ते सत्तर टक्के लागतात. त्याहून कोरडं झालं की बूच बाहेरच्या बाजूनं सुकतं, आक्रसतं आणि हवा आत शिरते. बाटली आडवी ठेवतात ती बूच आतून ओलं राहावं म्हणून. नाशिककडच्या बऱ्याच वाइनना आता फिरकीचं झाकण असतं, त्या उभ्या ठेवल्या तरी चालतात. पण उष्णता त्यांनाही तेवढीच मारते.

मधल्या काळात मी एक घाई केली आणि ती महागात पडली. घरातल्यासारखा साधा एसी बसवून १६ वर लावला. एसीची कॉइल खोलीपेक्षा फारच थंड असते, त्यामुळं हवेतलं पाणी तिच्यावर धरतं आणि नळीनं बाहेर जातं. फेब्रुवारीत आर्द्रता ४० वर आली. शिवाय लाइट गेली की तीन-चार तासांत तापमान २० च्या वर, आली की परत खाली. आबांनी वहीत त्या दिवसांच्या आकड्यांभोवती गोल केले होते. म्हणाले, "ताप आलेल्या पोरासारखं चाललंय ह्याचं. एकसारखं ठेव. थोडं कमी गार चालेल, पण एकसारखं." वाइन त्यांनी आयुष्यात तोंडाला लावलेली नाही. पण साठवण म्हणजे काय, हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

एका सकाळी ते मला पन्हाळ्यावर अंबरखान्यात घेऊन गेले. गंगा, यमुना, सरस्वती ही तिन्ही कोठारं मी शाळेच्या सहलीत बघितली होती. २५ हजार खंडी धान्य मावायचं, हा आकडाही पाठ होता. आबांनी वेगळं दाखवलं. वर चढायला जिना, धान्य ओतायला वरून भोकं. माल वरून आत, माणूस खालून. दारं कमी, भिंती जाड. "हवा बदलायची ती आपल्या मर्जीनं," ते म्हणाले. सिद्दी जौहरनं १६६० साली वेढा घातला तेव्हा महिनोन्‌महिने गड तगला, त्यामागं असल्या कोठारांचा हात होता, हे त्या थंड भिंतीला हात लावल्यावर वेगळंच जाणवतं. परत येताना मी ठरवलं की तळघराचा वरचा झरोका बुजवायचा नाही, त्याला झडप बसवायची.

मग २०२० चा मार्च आला आणि रिसॉर्टच बंद झालं. कर्जाचे हप्ते सुरू, खोल्या रिकाम्या. त्या काळाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांनीच तो काढलाय. वाहतूक मोकळी झाल्यावर ऑक्टोबरात मेकॅनिक दादा आले, दोन दिवस राहिले, वही पूर्ण वाचली आणि मग बोलले.

त्यांचं म्हणणं असं: दगडी भिंतीला काही चिकटवायचं नाही. भिंतीपासून चार इंच सोडून आत दुसरी भिंत उभी करायची, पफ पॅनेलची, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या फोमच्या फळ्यांची. मधल्या मोकळ्या जागेत खाली चर काढायचा, म्हणजे पाझर आला तर तो चरातून बाहेर जाईल. आणि पाण्याची वाफ अडवणारा पडदा दगडाच्या बाजूला. "वाफ गरम अंगानं गार अंगाला पळती ताई. पडदा आतल्या बाजूला लावला तर पाणी मधेच धरंल आणि दोन पावसाळ्यांत सगळं कुजंल." वर आणि खालीही पॅनेल, पण फरशी जाड शहाबादी टाकायची, म्हणजे ती गार होऊन बसली की लाइट गेल्यावर उपयोगी पडते. मशीन कोल्ड रूमचं, मोठ्या कॉइलचं, हळू पंख्याचं. कॉइल मोठी असली की तिला हवेपेक्षा फार थंड व्हावं लागत नाही, आणि हवा कोरडी पडत नाही.

तोवर एका ठेकेदारानं उत्तरेच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करून दिला होता, पाझर थांबतो म्हणून. पाझर थांबला नाही, तो सिमेंटच्या मागून चढून दोन फूट वरून बाहेर आला आणि शेजारच्या भिंतीचे सांधेही ओले झाले. तो गिलावा छिन्नीनं काढायला आठ दिवस लागले. आमच्या गावातले एक म्हातारे गवंडी मामा अजून चुन्याचं काम जाणतात. त्यांनी अंगणात खड्डा काढून चुना विरवला, तीन आठवडे भिजत ठेवला. त्यात बेलफळाचा गर आणि गुळाचं पाणी घातलं. गूळ आमच्याच गुऱ्हाळाचा. सांधे भरताना मामा एकच वाक्य परत परत म्हणायचे, "भिंतीला श्वास घिऊ द्या." सिमेंट पाणी कोंडतं, चुना ते आत घेतो आणि कोरड्या दिवसांत सोडून देतो. आज त्या भिंती पॅनेलच्या मागं झाकल्यात. मला कधीकधी वाईट वाटतं की इतकं सुंदर काम कुणाला दिसत नाही. एक पॅनेल मी मुद्दाम बिजागरीचं करून घेतलंय. कुणी मनापासून विचारलं तर उघडून दाखवते.

मांडण्यांसाठी पडलेल्या सोप्याचं सागवान होतं. जुनं, वाळवीनं न धरलेलं. सुतारदादांनी घरे तीन इंचांची केली आणि पहिल्याच दिवशी अडचण आली. सरळ खांद्याच्या बाटल्या बसल्या, पण फुगऱ्या अंगाच्या बाटल्या आणि स्पार्कलिंगच्या, म्हणजे फेसाळ वाइनच्या, जाड काचेच्या बाटल्या शिरेनात. खालच्या दोन ओळी मोडून पावणेचार इंचांच्या केल्या. लाकडाला पॉलिश नाही, वॉर्निश नाही. वासामुळं.

वास हा विषय मला सगळ्यात उशिरा कळला. बुचातून बाहेरचा वास हळूहळू आत जाऊ शकतो. आईच्या चटणीच्या बरण्या हलवल्या, तिला ते आवडलं नाही, आणि तिची बाजू खरी होती, कारण त्या बरण्यांची जागा तिथं तिच्या सासूच्या वेळेपासूनची. तिला स्वयंपाकघराच्या उत्तरेला नवीन फडताळ करून दिलं. तरी फरशी बदलेपर्यंत लसणाचा वास गेला नाही. झरोका घोड्यांच्या पागेकडं उघडत होता, त्याला उलट दिशेनं नळी काढली. जनरेटर तळघराच्या डोक्यावरच होता. त्याची थरथर पायऱ्यांपर्यंत यायची, आणि थरथर बाटलीतला गाळ बसू देत नाही. तो साठ फूट लांब नेला. ट्यूबलाइट काढून मंद पिवळे एलईडी लावले, तेही माणूस आत असेल तेवढाच वेळ.

परवान्याचं काम त्या मानानं सरळ होतं. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडं सुधारित नकाशा दिला, त्यात तळघर साठ्याची जागा म्हणून दाखवलं, पाहणी झाली. बाटली आली-गेली की नोंद साठ्याच्या वहीत, त्याच दिवशी. पाहुण्यांनाही सांगावं लागतं की वाइनसाठी वय एकवीस पूर्ण हवं आणि पिण्याचा परवाना हवा, एक दिवसाचाही मिळतो. काहींना हे ऐकून नवल वाटतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत मशीन सुरू झालं. पहिले दहा दिवस आत एकही बाटली ठेवली नाही. फरशी आणि मांडण्या थंड व्हायला तेवढा वेळ लागला. मग आकडा १३ वर आला आणि तिथंच बसला. आर्द्रता ६४. आबांनी त्या दिवशी वहीत तारखेखाली रेघ मारली आहे.

काय ठेवायचं हा प्रश्न वेगळा. मी नाशिकला तीन फेऱ्या केल्या. २००१ मध्ये राज्यानं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि विंचूर, पलूसला वाइन पार्क उभे केले. पलूस आमच्या इतकं जवळ, तरी बहर आला तो नाशिकलाच, याची मला सांगली-कोल्हापूरची म्हणून हळहळ आहे. तिथल्या जाणत्या लोकांनी प्रामाणिकपणे सांगितलं की आपल्याकडची बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत प्यायची असते, वीस वर्षं मुरवायची नसते. मग तळघर कशाला, असं मला बरेच जण विचारतात. मुरवण्यासाठी नव्हेच. कारखान्यातून जशी निघाली तशी ती पाहुण्याच्या ग्लासात पोचावी, यासाठी. चारशे बाटल्यांच्या जागेत आम्ही अडीचशेच ठेवतो, आधी आलेली आधी देतो. फक्त एका कोपऱ्यात कॅबरने आणि शिराझ या रेड वाइनच्या चोवीस बाटल्या राखून ठेवल्यात. दर वर्षी एक उघडून बघायची.

आणि आमच्या जेवणाबरोबर काय द्यायचं ते आम्ही रोज जेवूनच ठरवलं. सुरुवातीला तांबड्या रश्शाबरोबर मी दणकट रेड द्यायचे, मटण आहे म्हणून. पण तुरट आणि चढ्या अल्कोहोलची वाइन तिखट आणखी भडकवते, पाहुणे घाम पुसत बसायचे. आता तांबड्याबरोबर किंचित गोडसर, गार शेनिन ब्लाँ, ही व्हाइट वाइन. पांढऱ्याबरोबरही तीच उत्तम, नारळाच्या दुधाला आणि खसखशीला तिचा आंबटपणा उचलून धरतो. रेड हवीच असेल तर सुक्या मटणाबरोबर, अठरा अंशाला.

खरी परीक्षा जुलै २०२१ मध्ये झाली. परत महापूर. शहराकडचा रस्ता बंद, लाइट चार दिवस नाही, डिझेलच्या टाकीत निम्माच माल आणि पंपांवर इंधन नाही. खोल्यांत अडकलेले नऊ पाहुणे, त्यांच्या फोनसाठी आणि पाण्याच्या मोटरसाठी जनरेटर लागणारच होता. मी म्हटलं, तळघर सोडून द्या. आबा म्हणाले, "दिवसाला चार तास दे. दार उघडू नको." चार दिवस ते दार कुणी उघडलं नाही. आतल्या तापमापकाची वायर मेकॅनिक दादांनी बाहेर आणून ठेवली होती, त्यावर आबा बॅटरीच्या उजेडात बघायचे. १३ वरून १६, जनरेटर चालला की १४, परत १७. सतराच्या वर एकदाही नाही. भिंतीमागच्या चरातून पाणी वाहिल्याचा आवाज पायरीवर बसलं की ऐकू येत होता. आतली फरशी कोरडी राहिली.

ते पुण्याचे काका-काकू मागच्या डिसेंबरात परत आले. त्यांना खाली नेलं. काकांनी बराच वेळ काही न बोलता मांडण्यांवरून नजर फिरवली, मग बिजागरीचं पॅनेल उघडायला लावून चुन्याच्या सांध्यांवर बोट फिरवलं. रात्री त्यांना तीच शिराझ दिली, बिलात न लावता. या वेळी ग्लास रिकामा झाला.

आबा आता शहाऐंशीचे आहेत. नऊ पायऱ्या उतरताना कठडा धरतात, म्हणून उजवीकडं लाकडी कठडा बसवलाय. वहीत तापमान आणि आर्द्रतेच्या पुढं त्यांनी स्वतःच तिसरा रकाना आखलाय. काल सकाळची ओळ अशी आहे: १३.४, ६६, वास नाही.